पाणी तपासणीचा संच : दोन वर्षांच्या वापरानंतर

नदी, तलाव किंवा विहिरीचे पाणी स्वतः तपासू पाहणाऱ्या स्वयंसेवक गटांसाठी तयार संच मिळतात. त्यांपैकी एक संच आमच्या गटाने सलग दोन वर्षे, दर महिन्याला एकदा आणि पावसाच्या दिवसांत दोनदाही, वापरला. संचाचे नाव मी मुद्दाम देत नाही. जवळपास याच घडणीचे संच निरनिराळ्या नावांनी मिळतात, आतली रसायने बहुतेक तीच असतात, आणि मला जे सांगायचे आहे ते एकाच उत्पादकाला लागू पडणारे नाही. निकाल आधीच सांगून टाकतो. या संचातली रसायने चांगली आहेत, माहितीपत्रक कच्चे आहे, आणि नोंदीचा तक्ता ही पेटीतली सर्वांत कमकुवत वस्तू आहे. एखादा आकडा कधी खरा मानायचा आणि कधी बाजूला ठेवायचा, हे नवख्या स्वयंसेवकाला जिथे कळायला हवे तिथे संच गप्प बसतो. आमच्या बहुतेक चुका त्या गप्प जागांवरच झाल्या.

पेटी टणक प्लास्टिकची आहे आणि दोन पावसाळ्यांत एकदाही आत पाणी गेले नाही, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. आत विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची काचेची बाटली व तिची रसायने, नायट्रेट आणि फॉस्फेटच्या परीक्षानळ्या व रंगपत्रे, पाणी किती आम्ल वा अल्कली आहे ते दाखवणाऱ्या पीएचच्या पट्ट्या, विद्युतवाहकता मोजणारे पेन, पारदर्शकता पाहण्याची चकती, जिवाणू-चाचणीच्या कुप्या, थर्मामीटर आणि हातमोज्यांच्या काही जोड्या आहेत. डोळ्यांवर लावायचा संरक्षक चष्मा नाही आणि वापरलेली रसायने साठवायला डबाही नाही. ऑक्सिजनच्या चाचणीत सल्फ्युरिक आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही हाताळावी लागतात, तेही काठावर उकिडवे बसून, वाऱ्यात, आणि अनेकदा शाळकरी मुले खांद्यावरून डोकावत असताना. अशा संचात चष्मा न देणे ही काटकसर मला अजिबात पटली नाही. आम्ही पहिल्याच महिन्यात चष्मे वेगळे घेतले आणि झाकणाचा एक मोठा प्लास्टिकचा कॅन पेटीसोबत बांधला. ज्या नदीच्या काळजीपोटी आपण आलो त्याच नदीत तपासणीचा मैला ओतून परतणे कोणालाच बरे वाटत नव्हते.

या संचातली सर्वांत चांगली चाचणी विरघळलेल्या ऑक्सिजनची आहे, आणि तिच्यासाठीच मी हा संच घ्या असे म्हणेन. पद्धत जुनी आहे. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी ती १८८८ साली मांडली आणि इलेक्ट्रॉनिक मापकांच्या काळातही ती टिकून आहे. बाटली पाण्याखालीच भरून, एकही बुडबुडा आत राहणार नाही अशी बंद करायची. मग मँगनीज सल्फेटचे थेंब आणि पाठोपाठ अल्कलीयुक्त आयोडाइडचे थेंब टाकायचे. बाटलीत क्षणार्धात एक ढग उठतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो आणि हळूहळू खाली बसतो. नंतर आम्ल टाकले की गाळ विरघळून सगळे पाणी सोनेरी पिवळे दिसते. हा पिवळेपणा आयोडीनचा असतो, आणि आयोडीन जितके मोकळे झाले त्यावरून ऑक्सिजन किती होता ते ठरते. मग पिचकारीने थायोसल्फेट थेंबथेंब सोडत पिवळेपणा फिका करायचा, स्टार्चचे दोन थेंब टाकून पाणी गडद निळे करायचे आणि पुन्हा थेंब सोडत राहायचे. शेवटच्या एका थेंबाला निळा रंग असा काही नाहीसा होतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास ‘अरे!’ निघते. थोड्या वेळाने निळसर छटा परत येते, तिच्याकडे लक्ष द्यायचे नसते. माहितीपत्रकात हे लिहिलेले नाही, त्यामुळे आमच्यातल्या दोघांनी पहिल्या दिवशी छटा परत आली की पुन्हा थेंब टाकण्याचा सपाटा लावला आणि पाण्यात असू शकणार नाही इतका ऑक्सिजन नोंदवला.

या चाचणीचा एक प्रसंग माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. सांडपाण्याचा नाला जिथे प्रवाहाला मिळतो, त्याच्या जरा खालच्या अंगाला आमच्या गटातली एक महाविद्यालयीन मुलगी बाटली भरून बसली होती. दोन्ही रसायने पडली, ढग उठला, पण तो पांढराच राहिला. तिने बाटली उलटीसुलटी करून पाहिली, थांबली, आणि म्हणाली, “काका, माझं काहीतरी चुकलं बहुतेक. दुधासारखं झालंय, तपकिरी होतच नाही.” तिचे काहीही चुकले नव्हते. मँगनीजचा गाळ मुळात पांढराच असतो, ऑक्सिजनशी संयोग झाल्यावरच तो तपकिरी होतो, आणि त्या बाटलीत संयोग व्हायला ऑक्सिजन उरलेलाच नव्हता. दुसरी बाटली भरून पाहिली, तीही पांढरी. आकडा वाचण्याआधीच, टायट्रेशनला, म्हणजे थायोसल्फेट थेंबथेंब सोडण्याच्या पायरीला, हातही न लावता, काठावर बसलेल्या सात-आठ माणसांना पाण्याची अवस्था डोळ्यांनी दिसली. इलेक्ट्रॉनिक मापकाच्या पडद्यावर ०.० असे उमटले असते, तर निम्म्यांनी यंत्र बिघडले असे म्हटले असते. ही चाचणी वेळखाऊ आहे, एका नमुन्याला सहज पंधरा-वीस मिनिटे जातात, पण तिच्यात काय घडते आहे ते दिसते. स्वयंसेवकांच्या हातात द्यायच्या साधनात हा गुण मला अचूकतेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता नोंदीच्या तक्त्याची तक्रार. संचासोबत आलेल्या तक्त्यात तारीख आहे, ठिकाण आहे, आकड्यासाठी एक चौकट आहे, पण वेळेसाठी रकाना नाही. ऑक्सिजनच्या बाबतीत वेळ न लिहिलेला आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. दिवसा उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळेच तो वापरत राहतात, त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी आणि दुपार कलताना सर्वांत जास्त असतो. आम्ही एका हिरव्यागार तलावावर नेहमी दुपारी जात होतो आणि आकडा दर वेळी १२ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास येत होता. तलाव ठणठणीत आहे असा आमचा समज झाला. प्रत्यक्षात समुद्रसपाटीवर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ९.१ आणि ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम इतकाच ऑक्सिजन हवेशी समतोल राखून राहू शकतो. त्या कोमट पाण्यात १२ आकडा येणे हे आरोग्याचे लक्षण नव्हते, शेवाळ माजल्याचे होते. तोच तलाव उजाडण्यापूर्वी तपासला तेव्हा आकडा ३ वर आला. साधारण ५ च्या खाली अनेक जातींच्या माशांना त्रास होऊ लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तलावात मासे सकाळी पृष्ठभागाशी येऊन तोंडे का उघडतात, ते कळते. तक्त्यात वेळेचा आणि पाण्याच्या तापमानाचा एक-एक रकाना असता, तर हा घोळ पहिल्या दोन महिन्यांतच उघड झाला असता. आम्हाला दहा महिने लागले.

नायट्रेटच्या चाचणीबद्दल अधिक विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण इथे रसायन निर्दोष असूनही आम्ही चारचौघांत तोंडघशी पडलो. चाचणीचे तत्त्व साधे आहे. पाण्यातल्या नायट्रेटचे आधी नायट्राइटमध्ये रूपांतर होते, आमच्या संचात ते जस्ताच्या भुकटीने होते, आणि मग नायट्राइट दोन सेंद्रिय रसायनांशी मिळून गुलाबी रंग तयार करते. रंग जितका गडद, तितके नायट्रेट जास्त. नळी रंगपत्राशेजारी धरून कोणत्या पट्ट्यात बसते ते पाहायचे. एका विहिरीचा रंग ‘५ ते १०’ या पट्ट्यात बसला. आमच्यातील एका उत्साही सदस्याने जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा शोधून काढली. ती ५० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. त्याने लगेच विहिरीजवळ सूचना लावली की पाण्यातील नायट्रेट मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे.

चूक एककात होती. रंगपत्रावरचे आकडे नायट्रेटचे नव्हते, नायट्रेटच्या रूपातील नायट्रोजनचे होते, आणि मर्यादेचे ५० हे नायट्रेटचे आहेत. १ मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे ४.४३ मिलिग्रॅम नायट्रेट. म्हणजे ‘५ ते १०’ चा खरा अर्थ साधारण २२ ते ४४ असा होता आणि विहीर मर्यादेच्या बरीच जवळ होती. ही मर्यादा ठरवताना बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांचा विचार केलेला असतो, कारण जास्त नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते. तेव्हा ही चूक कागदावरची म्हणून सोडून देता येत नव्हती. आम्ही सूचना काढली, चूक झाल्याचे दुसऱ्या सूचनेत लिहिले आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवला. नंतर रंगपत्र भिंगाखाली धरून पाहिले, तेव्हा कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत एकक छापलेले सापडले. उत्पादकाने खोटे काही छापलेले नाही, हे मान्य. पण निम्मे जग एका एककात बोलते आणि निम्मे दुसऱ्यात, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असताना ते एकक मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत का छापावे? रंगपत्रावर दोन्ही एककांचे आकडे शेजारी शेजारी छापायला कितीशी शाई लागली असती?

नायट्रेटच्याच बाबतीत दुसरा धडा वेगळ्या प्रकारचा होता. एका पावसाळ्यात लागोपाठ दोन महिने सर्व ठिकाणच्या नळ्या जवळजवळ रंगहीन आल्या. गटात आनंदीआनंद होता. मला मात्र ते पटेना, कारण खत घातलेल्या शेतांवरून पाणी वाहून येण्याचे हेच दिवस. शेवटी एका शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर ०.७२२ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट तोलून एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवले. हे द्रावण १०० मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रोजनचे होते. ते वीसपट पातळ केले की ५ मिलिग्रॅमचे मानक द्रावण मिळते. संचाने त्या द्रावणालाही १ पेक्षा कमी म्हटले. भुकटीच्या डबीचे झाकण कधीतरी सैल राहिले होते, आत ओल शिरून भुकटीचे खडे झाले होते, आणि रूपांतराचे कामच होत नव्हते. दोन महिन्यांच्या सर्व नोंदींवर आम्ही लाल रेघ मारली. माहितीपत्रकात ज्ञात प्रमाणाच्या द्रावणावर संच अधूनमधून पारखून पाहा असे एक वाक्य आणि पेटीत अशा द्रावणाची एक लहान बाटली असती, तर या संचाला मी आणखी एक तारा दिला असता. नळी हलवण्याच्या वेळेचेही तसेच आहे. पत्रकात ‘चांगली हलवा’ एवढेच आहे. कोणी दहा सेकंद हलवतो, कोणी गप्पा मारत दोन मिनिटे, आणि कमी हलवले की रंग फिका येतो. आम्ही आता मोबाइलवर सेकंद मोजतो.

फॉस्फेटची चाचणी रंगाने निळी आणि दिसायला सुंदर आहे, पण तिच्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा फॉस्फरसच्या तुटवड्यामुळे रोखलेली असते, आणि लिटरमागे काही शतांश मिलिग्रॅम फॉस्फरस वाढला तरी तलाव हिरवा होऊ लागतो. आमच्या संचातील रंगपत्राची पहिली पायरीच ०.५ पासून सुरू होते. म्हणजे तलावाचे नशीब ज्या टप्प्यात ठरते, तो सगळा टप्पा ‘काही नाही’ या एका चौकटीत जातो. अर्थवॉच या संस्थेच्या २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रेशवॉटर वॉच’ उपक्रमात स्वयंसेवकांना दिल्या जाणाऱ्या फॉस्फेटच्या नळ्यांची सर्वांत खालची पायरी ०.०२ आहे. तेव्हा हे शक्य नाही असे म्हणता येत नाही. शिवाय आमच्या एका सदस्याने नमुन्याच्या बाटल्या घरी साबणाच्या पावडरीने लखलखीत धुऊन आणल्या, त्या दिवशी सर्व ठिकाणी फॉस्फेट भरपूर निघाले. काही डिटर्जंटांत फॉस्फेटच असते. शुद्ध पाण्यावर चाचणी केली तर तेही निळे झाले आणि प्रकार ध्यानात आला. तेव्हापासून दर फेरीत एक बाटली शुद्ध पाण्याची असते आणि तिच्यावर सगळ्या चाचण्या होतात. तिला आमच्यात ‘साक्षीदार’ म्हणतात.

पीएचच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात सांगतो. अर्ध्या एककापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये, आणि क्षार कमी असलेल्या पाण्यात तेवढीही ठेवू नये. पीएचची मोजपट्टी लघुगणकी असल्याने एका एककाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक, हे पत्रकात निदान एका ओळीत हवे होते. एखाद्या कारखान्याच्या सांडपाण्याने पीएच ४ वर गेला तर पट्टी ते नक्की दाखवेल. ७.४ की ७.८ हा वाद तिच्या भरवशावर घालू नये.

विद्युतवाहकतेचे पेन मात्र मनापासून आवडले. पाण्यात बुडवायचे, आकडा स्थिर झाला की लिहायचा. विरघळलेले क्षार जितके जास्त तितकी वाहकता जास्त, त्यामुळे प्रवाहाच्या काठाने चालत गेलो आणि कुठे आकडा अचानक वाढला, तर तिथे काहीतरी येऊन मिळते आहे हे कळते. झुडपांत दडलेला एक नळ आम्हाला असाच सापडला. पेनासोबत १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरचे मानक द्रावण दिले आहे, ते २५ अंश तापमानासाठी असते, आणि पेन तापमानाची भरपाई स्वतः करते. दर फेरीआधी पारखायला दोन मिनिटे पुरतात. तक्रार एकच. पेनावर दुसरे बटण आहे, ते दाबले की आकडा ‘टीडीएस’ मध्ये, म्हणजे विरघळलेल्या एकूण पदार्थांच्या प्रमाणात, दिसतो. हा आकडा वेगळा मोजलेला नसतो, वाहकतेलाच एका ठरावीक गुणकाने गुणून काढलेला असतो. लोकांना तोच ओळखीचा, त्यामुळे काठावर जमलेला प्रत्येक जण तोच विचारतो आणि तो कमी आला की पाणी उत्तम असे समजून निघून जातो. आर्सेनिक असो, कीटकनाशक असो की जिवाणू, पाणी धोकादायक करणाऱ्या मात्रेत ते या आकड्याला जाणवेल इतका धक्काही देत नाहीत. आम्ही त्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे.

पारदर्शकतेच्या चकतीत बिघडण्यासारखे काही नाही. १८६५ मध्ये इटलीचे खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाहिली, त्या कल्पनेला फारसे काही जोडावे लागलेले नाही. चकती दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यायची, आणि गॉगल काढून पाहायचे. दोरीवरच्या खुणा मात्र सहा महिन्यांत पुसल्या गेल्या, त्याजागी आम्ही गाठी मारल्या.

जिवाणूंच्या कुपीकडे येतो, कारण लोक सगळ्यात जास्त तिच्यावरच विश्वास टाकतात आणि पत्रकातले सर्वांत बेजबाबदार वाक्यही तिच्याचबद्दल आहे. कुपीत जिवाणू वाढवणाऱ्या माध्यमाने भिजवून वाळवलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. विष्ठेसोबत येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याची लोहाशी गाठ पडली की कुपी काळी पडते. मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी ही पद्धत १९८२ मध्ये प्रसिद्ध केली आणि प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या असंख्य ठिकाणी ती उपयोगी पडली. पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘कुपी काळी न पडल्यास पाणी पिण्यास योग्य समजावे’ या वाक्याबद्दल. कुपीत २० मिलिलिटर पाणी मावते. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा अशी की पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू आढळू नये. पाचव्या हिश्श्यात काही सापडले नाही म्हणून उरलेल्या चार हिश्श्यांची हमी कोण देणार? विषाणू आणि काही परजीवी तर या कुपीच्या आवाक्यातच नाहीत. उलट बाजूनेही फसगत होते. काही भूजलात सल्फाइड नैसर्गिकरीत्याच असते, आणि विष्ठेशी संबंध नसलेले इतर जिवाणूही ते तयार करतात, तेव्हा कुपी विनाकारण काळी पडू शकते. काळी कुपी म्हणजे ‘प्रयोगशाळेत पाठवा आणि तोवर उकळून प्या’, आणि काळी न पडलेली कुपी म्हणजे ‘या वेळी या वाटीभर पाण्यात दिसले नाही’, एवढेच आम्ही आता सांगतो. ऐकणाऱ्याला हे उत्तर पसंत पडत नाही. त्याला हो किंवा नाही हवे असते.

या पेटीत जे नाही त्याचाही विचार करून संच घ्यावा. शिसे, आर्सेनिक, कीटकनाशके, औषधांचे अंश यांतले काहीही यातून कळत नाही. इथे मला २०१५ मधील अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचे उदाहरण आठवते. तिथे रहिवाशांनी नळाच्या पाण्यातले शिसे स्वतः मोजले नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी पाठवलेल्या बाटल्या त्यांनी सूचनेबरहुकूम भरून परत पाठवल्या आणि पृथक्करण प्रयोगशाळेत झाले. किती वेळ नळ बंद ठेवायचा, पहिली बाटली कधी भरायची, नळ किती वेळ वाहू देऊन पुढची भरायची, ही शिस्त रहिवाशांनी पाळली म्हणून ते आकडे कोणाला झटकून टाकता आले नाहीत. नमुना नीट घेणे हे स्वयंसेवकाचे खरे बळ आहे, आणि आमच्या संचाच्या पत्रकात त्याला दीड ओळ दिली आहे. प्रवाहाच्या मध्याशी, पाणी येते त्या दिशेला तोंड करून, तळ न ढवळता, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून नमुना घ्यावा, हे आम्ही एका निवृत्त प्रयोगशाळा सहायकाकडून शिकलो. जिवाणूंच्या निर्जंतुक कुपीला मात्र हा विसळण्याचा नियम लागू नाही, हेही त्यांनीच बजावले.

दोन वर्षांच्या शेवटी आमच्याकडे संचातल्या तक्त्याऐवजी स्वतःचा तक्ता आहे. त्यात वेळ, तापमान, मागच्या दोन दिवसांतला पाऊस, साक्षीदार बाटलीचा निकाल, एकाच ठिकाणच्या दोन नमुन्यांसाठी दोन चौकटी, रसायनाची मुदत आणि ‘शंका’ असा एक रुंद रकाना आहे. सुरुवातीला हा रकाना रिकामा ठेवण्यात सगळ्यांना भूषण वाटे. आता तोच सर्वांत भरलेला असतो. मागच्या महिन्यात एका स्थानिक कार्यालयातील अधिकाऱ्याने आमचे आकडे हौशी म्हणून बाजूला सारायला सुरुवात केली, पण तक्ता उलटता उलटता त्या रकान्याशी थांबून तो वाचू लागला आणि मग नाल्याखालच्या त्या जागेचा नमुना आपल्या माणसांकडून घ्यायला तयार झाला. नमुना घेतला गेला आहे, अहवाल अजून आलेला नाही.

हा संच कोणी घ्यावा? महिन्याला एकदा ठरल्या ठिकाणी जाण्याची चिकाटी असलेला, निदान एक रसायनशास्त्र शिकलेला माणूस हाताशी असलेला पाच-सहा जणांचा गट असेल तर जरूर घ्यावा. घरच्या नळाचे पाणी प्यावे की नाही एवढाच प्रश्न असेल तर घेऊ नये, त्यापेक्षा एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. पाचपैकी साडेतीन तारे देतो. अर्धा तारा त्या पांढऱ्या ढगासाठी आहे. आम्ही स्वतः पुढच्या वर्षासाठी पूर्ण संच न मागवता ऑक्सिजनची रसायने आणि नायट्रेटच्या नळ्या एवढेच मागवले आहे. पेन चालू आहे, चकती चालू आहे. पीएचच्या पट्ट्यांची डबी अजून अर्धी भरलेली आहे आणि तिच्यावरची मुदत येत्या दोन महिन्यांत संपते.